रक्त बनवणारी गाठ

माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा आजार आहे, हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. रक्ताच्या आजारात पाय जाऊ शकतात, हे मात्र आमच्या घरात कुणाच्याच कानावर आलेलं नव्हतं.

महेशचा थॅलेसेमिया इंटरमीडिया प्रकारचा. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्याशिवाय ती जगत नाहीत. महेशचं तसं नव्हतं. हिमोग्लोबिन सातच्या आगेमागे, फार तर साडेसात. डोळ्यांत कायमची पिवळट झाक, गालाची हाडं वर आलेली, जिना चढला की धाप. चौदाव्या वर्षी पोटभर वाढलेली पाणथरी काढली, तेव्हा ऑपरेशनपुरतं काय ते रक्त दिलं. त्यानंतर रोज फॉलिक ॲसिडची गोळी आणि अधूनमधून रक्ताची तपासणी. "आमच्या महेशला रक्त लागत नाही," असं आई पाहुण्यारावळ्यांना समाधानानं सांगायची. दवाखान्यांतूनही आम्हांला तेच ऐकायला मिळे, की याचं शरीर कमी रक्तावर चालायला सरावलंय. त्या सरावासाठी शरीर आतल्या आत काय काय करत होतं, ते बाहेरून दिसण्यासारखं नव्हतं.

तो कराडला एका ऑफसेट छापखान्यात यंत्रावर असतो. एकतिसावं चालू होतं तेव्हा त्याच्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. चप्पल मागे राहायची, हा चार पावलं पुढे जायचा आणि कुणीतरी सांगेपर्यंत त्याला पत्ता नसायचा. मग संध्याकाळी पाय जड होऊ लागले. मग बरगड्यांभोवती कुणी पट्टा आवळतंय असं वाटू लागलं. सायटिका असेल म्हणून गोळ्या झाल्या, बी-ट्वेल्व्ह कमी असेल म्हणून इंजेक्शनं झाली. दिवसभर उभ्याचं काम, अंगात रक्त कमी, पाय दुखायचेच, असं जो तो म्हणे. एका रात्री त्याची लघवी अडली. दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला.

त्या अहवालातलं मला एकच वाक्य समजलं: मज्जारज्जू दबलेला आहे. छातीच्या मागच्या भागात, चौथ्या ते नवव्या मणक्यापर्यंत, नलिकेच्या आत लांबट गाठ, आणि मणक्यांच्या दोन्ही अंगांना बाहेरही गाठी. पाठीत गाठ आणि पायांत अशक्तपणा म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो. तो संशय उगीच नसतो, मणक्यांचा क्षय इथे पुष्कळांना होतो. महेशलाही क्षयाची औषधं लिहून दिली गेली, आणि खात्रीसाठी सुई घालून तुकडा काढू, असं सांगण्यात आलं. दुसऱ्या एका डॉक्टरांच्या तोंडून लिम्फोमा हा शब्द आला. मी पतसंस्थेत कारकून आहे, आकड्यांचे घोळ निस्तरणं हे माझं रोजचं काम. पण त्या आठवड्यात कुठली रक्कम कुठल्या खात्यात टाकायची तेच कळेना. ज्याला जन्मापासून रक्ताचा आजार आहे, त्याला नेमका आता क्षय? की कॅन्सर? दोन आजारांचा एकमेकांशी काही संबंध असेल का, हा प्रश्न मी विचारला तेव्हा समोरचे डॉक्टर म्हणाले, "आधी पुण्याला रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा." एवढ्या एका सल्ल्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

पुण्यातल्या डॉक्टर बाईंनी एमआरआयच्या फिल्म लगेच पाहिल्या नाहीत. आधी महेशच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पोटावरचा ऑपरेशनचा व्रण पाहिला, लहानपणचे हिमोग्लोबिनचे कागद मागितले. मग फिल्म उजेडावर लावल्या आणि मला जवळ बोलावलं. क्षयात बहुधा दोन मणक्यांमधली चकती आणि तिला लागून असलेलं हाड झिजतं, इथे चकत्या शाबूत आहेत. बरगड्या रुंदावल्यात, मणके आतून फुगीर झालेत. दोन्ही बाजूंच्या गाठी गुळगुळीत आहेत, कडेला कुठे काही कुरतडलेलं नाही. "ताई, ही गाठ रक्त बनवतेय," त्या म्हणाल्या. "हिच्यात सुई घालायची नाही. ती रक्तानं भरलेली असते, आत रक्तस्राव झाला तर उरलेली ताकदही जाईल."

गाठ रक्त बनवते हे मला पचेना. ते मला समजावलं, महेशला दाखल केलं त्या वॉर्डातल्या एका निवासी डॉक्टरनं. तो मूळचा उंब्रजचा, त्यामुळे त्याच्या बोलण्यात आमच्याकडची वीटभट्टी आली. थॅलेसेमियात रक्ताच्या तांबड्या पेशी तयार होतानाच बिघडतात, कारण हिमोग्लोबिनच्या दोन प्रकारच्या साखळ्यांपैकी एक पुरेशी बनत नाही आणि दुसरी उरून पेशीत साचते. बहुतेक पेशी हाडातून बाहेर पडायच्या आतच मरतात. म्हणजे भट्टी रात्रंदिवस पेटलेली, पण विटा काढतानाच फुटतात. इकडे मूत्रपिंडांना प्राणवायू कमी पडतो, ती एरिथ्रोपोएटिन नावाच्या संप्रेरकाचा निरोप पाठवत राहतात: आणखी बनवा. मग हाडांतली जागा वाढवली जाते, म्हणून गालाची हाडं वर येतात. तेवढ्यानं भागत नाही तेव्हा जिथे जमेल तिथे नव्या भट्ट्या लागतात, अगदी दुसऱ्याच्या बांधावरसुद्धा. यकृत, पाणथरी, आणि मणक्यांच्या कडेनं. पाणथरी तर महेशची काढलेलीच होती.

अशा गाठी असलेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, त्या छातीच्या एक्सरेत अवचित सापडतात. पण छातीच्या भागात मज्जारज्जूची नलिका मुळात अरुंद असते. तिथे आतल्या बाजूला ऊतक वाढलं की सरकायला जागा नसते आणि रज्जू चेपला जातो. ज्यांना नियमित रक्त दिलं जातं त्या मेजरच्या रुग्णांत हे क्वचित घडतं, आणि ज्यांना "रक्त लागत नाही" त्या इंटरमीडियाच्या रुग्णांत कितीतरी जास्त. ते ऐकलं आणि मी आईकडे बघायचं टाळलं.

महेशची तपासणी करताना डॉक्टरांनी त्याच्या तळव्यावरून किल्लीचं टोक ओढलं, तेव्हा अंगठा खाली वळण्याऐवजी वर उचलला गेला. कंप पावणारा चिमटा घोट्याच्या हाडावर टेकवला, त्याला काहीच जाणवलं नाही. टाचणी टोचत टोचत ते पोटावरून वर आले आणि छातीच्या खाली एका ठिकाणी महेश म्हणाला, "आता टोचली." त्या जागी त्यांनी पेनानं रेघ मारली. रेघेच्या खालचा माझा भाऊ मला एकदम कुणा परक्यासारखा वाटला. पाय तो अजून गादीवरून कसेबसे उचलत होता. डॉक्टरांचा हात आडवा आला की खाली पडायचे.

मला उपचारांत एक ठरलेली वाट असेल असं वाटत होतं. रज्जू दबलाय, म्हणजे कुणीतरी येईल आणि हे असं करायचं म्हणून सांगेल. प्रत्यक्षात तीन विभागांचे डॉक्टर खाटेभोवती उभे राहिले आणि तिघांचं तीन दिशांनी बोलणं चाललं. पुढे मला कळलं की यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. थॅलेसेमियात अशा ऊतकानं मज्जारज्जू दबल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात 1954 साली झाली, तेव्हापासून जगभर अशा रुग्णांच्या हकिगती थोड्या थोड्या जमत गेल्या. शेकडो माणसांवर उपचारांची तुलना करावी एवढा हा त्रास सर्रास आढळत नाही. म्हणून प्रत्येक रुग्णासमोर पुन्हा विचार करावा लागतो: पायांत किती ताकद उरलीय, किती वेगानं चाललीय, हिमोग्लोबिन किती, हृदय कसं आहे.

मी मेंदू व मणक्यांच्या शल्यचिकित्सकांना विचारलं, गाठ आहे तर काढून का टाकत नाही? ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. मणक्यांच्या मागची हाडाची कमान काढून दाब मोकळा करता येतो आणि तो ताबडतोब मोकळा होतो, हा शस्त्रक्रियेचा मोठा फायदा. पाय पूर्ण गेले असते किंवा तासातासानं ताकद घटत असती तर त्यांनी थांबू दिलं नसतं. पण हे ऊतक विलक्षण रक्ताळ. पाच-सहा मणक्यांच्या लांबीवर पसरलेलं, सगळं निघत नाही. एवढ्या कमानी काढल्या तर पाठीचा आधार ढिला पडतो. शिवाय ती गाठ जे थोडंफार रक्त बनवत होती तेही थांबतं, आणि मुळातली हाक तशीच राहिली तर ती पुन्हा वाढते. रक्त कमी म्हणून गाठ, गाठ काढली की रक्त आणखी कमी, आणि म्हणून पुन्हा गाठ. या फेऱ्यात शिरायचं कुठून, हाच खरा प्रश्न होता. ठरलं ते असं: सूज कमी करायला डेक्सामेथासोन ताबडतोब, रक्त चढवणं ताबडतोब, आणि त्याबरोबर किरणोपचार. ताकद उतरू लागली तर शस्त्रक्रियेची तयारी ठेवलेली.

रक्त चढवल्यानं गाठ कशी कमी होईल, हे मी डॉक्टर बाईंना पुन्हा पुन्हा विचारलं असेन. त्या दर वेळी न कंटाळता सांगत: बाहेरून पुरेसं रक्त मिळालं की मूत्रपिंडं निरोप पाठवायचं थांबवतात, आणि निरोप थांबला की या जादा कारखान्यांना काम उरत नाही. हिमोग्लोबिन दहाच्या वर न्यायचं आणि तिथे टिकवायचं. मला हा उपाय फार शहाणा वाटला. त्या ऊतकानं इतकी वर्षं महेशला जगवण्यासाठीच धडपड केली होती. त्याला कापण्याआधी, तुझी गरज उरली नाही, एवढं त्याला कळू देणं मला योग्य वाटत होतं. वैद्यकशास्त्राची ही भाषा नव्हे हे मला ठाऊक आहे, पण त्या दिवसांत मला धीर याच विचारानं दिला.

मोठेपणी नियमित रक्त घ्यायला सुरुवात करणाऱ्याला एक वेगळा धोका असतो. लहानपणापासून रक्त घेणाऱ्यांपेक्षा अशांचं शरीर परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं बनवण्याची शक्यता जास्त, त्यातून पाणथरी काढलेली असेल तर आणखीच. तसं झालं की पुढे जुळणारं रक्त मिळणं अवघड होऊन बसतं. म्हणून पहिली पिशवी लावण्याआधी महेशचा नुसता ए-बी-ओ गट पाहून ते थांबले नाहीत. आरएचचे पोटप्रकार आणि केल गटही तपासला आणि त्याला जुळेल असंच रक्त शोधलं. रक्तपेढीच्या खिडकीशी उभं राहून मला ओ पॉझिटिव्हच्या आत एवढे भेद असतात हे पहिल्यांदा कळलं. पांढऱ्या पेशी अडवणारी गाळणी लावून, हृदयावर ताण येऊ नये म्हणून अगदी सावकाश, पिशवी उतरत असे. सरकारी योजनेत थॅलेसेमियाच्या रुग्णाला रक्त मोफत मिळतं, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे, हे मला शेजारच्या खाटेवरच्या मेजरच्या मुलीच्या वडिलांनी सांगितलं. कुठला कागद कुठल्या टेबलावर द्यायचा हेही त्यांनीच दाखवलं. इंटरमीडियावाले कधी या रांगेत उभेच राहिलेले नसतात, त्यामुळे आम्हांला यातलं काही ठाऊक नव्हतं.

किरणोपचाराचा विभाग तळघरात. बाहेरच्या बाकांवर डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, नाकात नळी असलेले आजोबा. महेशच्या खुर्चीशेजारी बसलं की कुणीतरी मायेनं विचारायचंच, "ह्यांना कुठला?" कॅन्सर नाही म्हटलं की समोरचा माणूस गप्प व्हायचा, त्याला वाटायचं, घरच्यांनी पेशंटपासून लपवलंय. महेशलाही एकदा तसंच वाटलं. रात्री त्यानं मला विचारलं, "ताई, खरं सांग, नक्की काय आहे?" मी तपासणीचे सगळे कागद त्याच्या हातात दिले आणि दुसऱ्या दिवशी किरणोपचाराच्या डॉक्टरांनाच त्याच्याशी बोलायला लावलं. त्यांनी सांगितलं की रक्त बनवणाऱ्या पेशी किरणांना फार लवकर बळी पडतात, कॅन्सरच्या बहुतेक गाठींपेक्षा कितीतरी लवकर. म्हणून मात्रा कमी पुरते. महेशला रोज 2 ग्रे याप्रमाणे दोन आठवडे, शनिवार-रविवार सोडून, एकूण 20 ग्रे. घट्ट गाठींच्या कॅन्सरमध्ये हा आकडा पुष्कळदा साठाच्या पुढे जातो.

आधी सीटी स्कॅनवर नकाशा काढला, त्याच्या अंगावर शाईच्या खुणा केल्या आणि त्या पुसायच्या नाहीत म्हणून बजावलं. आत जाड दार, यंत्र त्याच्याभोवती फिरायचं, तंत्रज्ञ बाहेरून पडद्यावर पाहत असायचे, आणि काही मिनिटांत संपायचं. मला भीती होती भाजण्याची. कातडीला काही झालं नाही. पुढे गिळताना घशाखाली जळजळ सुरू झाली, कारण अन्ननलिका त्याच पट्ट्यात येते. तेव्हा आई मऊ भात आणि ताक द्यायची. पांढऱ्या पेशी उतरल्या, म्हणून हायड्रॉक्सीयुरिया हे औषध लगेच न देता किरणोपचार संपून पेशी सावरल्यावर सुरू केलं. किरणांमुळे सुरुवातीला गाठ सुजून दाब वाढूही शकतो, त्यासाठी डेक्सामेथासोन चालू ठेवलेलं. त्यानं महेशची साखर वाढली, झोप उडाली, आणि तो मध्यरात्री छापखान्यातल्या यंत्राच्या दुरुस्तीबद्दल तासन्‌तास बोलत बसायचा.

पाय परत येतात ते एकदम नाही. पहिल्या आठवड्याच्या शेवटी त्यानं सांगितलं की चादर कुठे संपते ते कळतंय. पेनाची रेघ खाली सरकत होती. निवासी डॉक्टर रोज टाचणी घेऊन यायचा आणि नवी रेघ मारायचा. दुसऱ्या आठवड्यात डाव्या पायाचा अंगठा त्यानं स्वतःहून हलवला. आईनं दोन्ही हातांनी त्याचं पाऊल धरलं आणि ती तशीच बसून राहिली. लघवीची नळी काढायला त्याहून जास्त वेळ लागला. त्या काळात आम्ही जे शिकलो ते कुठल्याही अहवालात नव्हतं: दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचांखाली उशी नको तर पोटऱ्यांखाली, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, पोटऱ्यांना घट्ट मोजे. पाणथरी काढलेल्या इंटरमीडियाच्या रुग्णांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मोठा, आणि हा तर अंथरुणात पडलेला. फिजिओथेरपीच्या ताई त्याला उभं करायच्या तेव्हा त्याचे पाय थरथरून ताठ व्हायचे. तो ताठरपणा अजून थोडा आहे. त्याच्यासाठी बॅक्लोफेन चालू आहे.

दरम्यान आमच्या सगळ्यांचं रक्त तपासलं. आईचं हिमोग्लोबिन ए-टू वाढलेलं, म्हणजे ती वाहक. वडील गेले तोवर कुणी त्यांची ही तपासणी केली नव्हती, पण तेही बहुधा वाहक असणार. मी वाहक निघाले. माझ्या लग्नाआधी कुणी मला ही तपासणी सांगितली नव्हती, आणि ज्या घरात एक मूल थॅलेसेमियाचं आहे तिथेही हे राहून जातं याचा मला अजून राग येतो. यजमानांचा अहवाल येईपर्यंत मला झोप नव्हती. ते वाहक नाहीत. माझ्या मुलीची तपासणीही झाली. ती माझ्यासारखी वाहक आहे, आणि ते कार्ड मी तिच्या जन्मदाखल्याबरोबर ठेवलंय.

आता महेश काठी घेऊन चालतो. छापखान्याच्या मालकांनी त्याला यंत्रावरून काढून बसून करायच्या कामावर, प्लेट तपासायला घेतलं. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त लागतं. एका पिशवीबरोबर दोनशे मिलिग्रॅमच्या वर लोह शरीरात जातं आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. इंटरमीडियात तर आतडीही अन्नातलं लोह जास्तच ओढून घेतात. म्हणून डिफेरासिरॉक्सच्या गोळ्या, फेरिटिन आणि क्रिएटिनिनच्या तपासण्या, वर्षातून एकदा कान आणि डोळे. जेवणाबरोबर चहा घ्या, त्यानं लोह कमी शोषलं जातं, असंही डॉक्टर बाईंनी सांगितलंय. आयुष्यभर जेवणाआधी चहा नको म्हणून ओरडणारी आमची आई हल्ली स्वतः ताटाशेजारी कप ठेवते.

सहा महिन्यांनी केलेल्या एमआरआयमध्ये नलिकेतली गाठ बरीच आक्रसलेली दिसली, रज्जूभोवती पाण्याची पांढरी कड पुन्हा उमटली होती. बाजूच्या गाठी आहेत, त्यांत चरबी भरू लागलीय, म्हणजे त्या शांत होतायत. महेशनं डॉक्टर बाईंना विचारलं, हे रक्त जन्मभर घ्यायचं का? नवीन इंजेक्शनं आलीत म्हणे, त्यांचं काय? रक्ताची गरज कमी करणाऱ्या लस्पाटरसेप्टबद्दल त्यानं मोबाइलवर वाचलं होतं. त्या म्हणाल्या, नेमक्या अशाच गाठींबद्दल त्या औषधासोबत सावधगिरीची सूचना असते, तेव्हा तुला ते देणार नाही. हायड्रॉक्सीयुरियाचा परिणाम पाहू, पुढचा एमआरआय दिवाळीनंतर करू, आणि गाठ तशीच दबलेली राहिली तर पिशव्यांमधलं अंतर वाढवता येतं का ते ठरवू. ज्यांना हा त्रास होतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तो पुन्हा होतो, हेही त्यांनी त्याच्यासमोर स्पष्ट सांगितलं. पायांत मुंग्या, चप्पल निसटणं, लघवी अडणं, यातलं काहीही झालं तर वेळ न घालवता फोन करायचा, रात्री असला तरी. तो नंबर महेशच्या, माझ्या, आईच्या आणि छापखान्यातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये आहे.